फॉर्म्युला वनचे टीम प्रिन्सिपल त्या खुर्चीपर्यंत पोहोचतात तरी कसे?

प्रश्न
पांझराकाठचा, धुळे

नमस्कार मंडळी. मी धुळ्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला शिकतो. आमची पंचवीस मुलामुलींची टीम दर वर्षी एक छोटी, एकट्या चालकाची रेसगाडी स्वतः बांधते आणि जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धेला घेऊन जाते. पहिली दोन वर्षे माझ्याकडे सस्पेन्शनचे काम होते. ए-आर्मच्या, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या दांड्यांच्या, नळ्या कापण्यापासून वेल्डिंगसाठी जिग लावण्यापर्यंत सगळे माझ्या हातून होत असे आणि त्यात माझे मन रमत असे. गेल्या वर्षी मला कॅप्टन केले. त्या दिवसापासून पाना हातात घेण्याची वेळ जवळजवळ आलीच नाही. प्रायोजक मिळावेत म्हणून जळगावच्या कारखान्यांचे उंबरठे झिजवणे, प्राचार्यांकडून खर्चाची मंजुरी आणणे, कोइमतूरपर्यंतच्या टेम्पोचे भाडे ठरवणे आणि दोन मुलांमध्ये अबोला झाला की त्यांना समोरासमोर बसवणे, यातच वर्ष सरले.

स्पर्धेत जे घडले ते सांगतो, कारण माझा प्रश्न तिथूनच निघाला. ब्रेक टेस्टमध्ये गाडी वेगात आणून ब्रेक दाबला की चारही चाके लॉक व्हावी लागतात. तसे झाले नाही, तर पुढच्या कोणत्याही धावेला गाडी उतरवता येत नाही. आमचे मागचे उजवे चाक तीन वेळा फिरतच राहिले. ब्रेकच्या लाइनमध्ये हवा अडकली आहे हे मला दिसत होते, आणि कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती पकडणारा ब्रेकचा भाग, असा बसला आहे की हवा काढायची त्याची ब्लीड निपल वर न येता खाली राहते, हेही ध्यानात आले होते. ते मुलांना ओरडून सांगितले, पण मी स्वतः गाडीपाशी गेलो नाही. रांग बंद व्हायला अकरा मिनिटे उरली होती आणि मी परीक्षकांच्या टेबलाशी उभा राहून चौथ्या प्रयत्नाची परवानगी मागत होतो. मुलांनी कॅलिपर उतरवला, निपल वर धरून हवा काढली, पुन्हा बसवला आणि चौथ्या खेपेला चारही चाके लॉक झाली. सगळी टीम गाडीभोवती नाचत होती, तेव्हा मी कागदावर सही करत होतो. घरी आल्यावर हे सगळे ऐकून वडिलांनी आमच्या अहिराणीत विचारले, "तू गाडी बनाडस का नुसता कागद लिखस?" मला उत्तर देता आले नाही.

म्हणून येथे विचारतो. फॉर्म्युला वनमध्ये टीम प्रिन्सिपल, म्हणजे टीमचे प्रमुख, म्हणून जी माणसे पिटच्या (ट्रॅकशेजारी गाड्यांची कामे होतात त्या जागेच्या) भिंतीशी हेडफोन लावून बसलेली दिसतात, ती मुळात कोण असतात? चालक, इंजिनिअर, मेकॅनिक, की पैसा घालणारे? इंजिनिअरने त्या वाटेला जाणे म्हणजे इंजिनिअरिंग सोडणे आहे का? कोणी किती शर्यती जिंकल्या याचे आकडे कुठेही मिळतात, पण माणूस तिथवर कसा गेला आणि तिथून कसा बाहेर पडला, हे सलग वाचायला मिळत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


उत्तर
भुसावळचे नाना

बेटा, तुझा प्रश्न वाचून मला माझीच गोष्ट आठवली. मी भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. बढती मिळाली त्या आठवड्यात मी रोज घरी येऊन हात पाहायचो. नखांत ग्रीस नाही, म्हणजे आज आपण काही केलेच नाही, असे वाटायचे. त्यामुळे तुझ्या मनात काय चालले आहे ते मला कळते.

मोटार रेसिंग मी नव्वदच्या दशकापासून मन लावून पाहतो. या खेळात हातात पाना घेऊन शिरलेला आणि वरपर्यंत गेलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे रॉन डेनिस. १९६६ साली तो कूपर टीममध्ये मेकॅनिक म्हणून लागला. योखेन रिंट या चालकाच्या गाडीवर त्याने काम केले, पुढे ब्रॅबहॅम टीममध्ये गेला आणि १९७१ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर स्वतःची छोटी टीम काढून खालच्या वर्गाच्या शर्यतींत उतरला. पैशाची चणचण होती, टीमची नावे बदलत गेली, पण त्याने काम सोडले नाही. १९८० मध्ये त्याच्या प्रोजेक्ट फोर या टीमचे मॅक्लारेनशी विलीनीकरण झाले. त्या वेळी मॅक्लारेनची अवस्था नाजूक होती आणि सिगारेट कंपनीच्या प्रायोजकाने हा बदल घडवून आणला. डेनिसने जॉन बार्नार्ड या अभियंत्याला सोबत आणले आणि १९८१ मध्ये कार्बन फायबरची चॅसी, म्हणजे सांगाडा, असलेली गाडी फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवर आली. पुढे १९८८ च्या मोसमात सोळांपैकी पंधरा शर्यती या एका टीमने जिंकल्या.

मला त्याच्याबद्दल विशेष वाटते ते स्वच्छतेमुळे. गॅरेजची फरशी, हत्यारांची मांडणी, कामगारांचे कपडे, या सगळ्यांत त्याला तसूभर कमीजास्त चालत नसे. बाहेरचे लोक याला खूळ म्हणत. मी ज्या शेडमध्ये आयुष्य काढले, तिथे सांडलेले तेल वेळीच पुसले गेले, तर गळती कोणत्या सीलमधून होते आहे ते दुसऱ्या दिवशी लगेच दिसते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मळलेल्या फरशीवर नवी गळती लपते. डेनिसने पाना खाली ठेवला असेल, पण पाना धरणाऱ्याची नजर खाली ठेवली नाही.

दुसरा माणूस अलीकडचा आहे, जोनाथन व्हीटली. १९९१ मध्ये तो बेनेटन टीममध्ये कनिष्ठ मेकॅनिक म्हणून लागला, तीच टीम रेनॉ झाल्यावर चीफ मेकॅनिकपर्यंत चढला आणि २००६ मध्ये रेड बुलमध्ये गेला. तेथे पिट स्टॉपची, म्हणजे शर्यतीत मधेच थांबून चाके बदलण्याची, शिस्त आणि नियमांची बाजू त्याच्याकडे होती. २०१९ च्या ब्राझील शर्यतीत त्याच्या मुलांनी १.८२ सेकंदांत चारही चाके बदलली, तो तेव्हाचा विक्रम होता. २०२५ मध्ये तो साउबरचा टीम प्रिन्सिपल झाला, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर त्याचा चालक निको हुल्केनबर्ग आयुष्यात पहिल्यांदा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांच्या चौथऱ्यावर, चढला. पहिल्या नोकरीपासून त्या खुर्चीपर्यंत चौतीस वर्षे लागली. तू एका वर्षात कंटाळू नकोस.


उत्तर
वहीखाते, जळगाव

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, त्यामुळे मला या प्रश्नाची दुसरी बाजू आधी दिसते. नानांनी माणूस वर कसा चढला ते सांगितले. तो वर किती काळ टिकला, हे मात्र बहुतेक वेळा टीममध्ये पैसा कोणाचा होता यावरच ठरलेले आहे.

जुन्या काळी टीम प्रिन्सिपल हे वेगळे पद नव्हतेच, मालक हाच प्रमुख असे. एन्झो फेरारी आधी चालक होते, १९२९ मध्ये त्यांनी आपली टीम उभी केली आणि १९८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचाच शब्द अखेरचा राहिला. ते स्वतः शर्यतींना क्वचितच जात, ट्रॅकवरचे काम नेमलेल्या माणसांकडे सोपवत. त्यांनी १९७० च्या दशकात असेच काम लुका दी माँतेझेमोलो या विशीतल्या कायद्याच्या पदवीधराला दिले आणि १९७५ मध्ये त्यांचा चालक निकी लाउडा विश्वविजेता झाला. इंग्लंडमधले केन टिरेल लाकडाचे व्यापारी होते. बर्नी एक्लस्टन मोटारसायकलींच्या सुट्या भागांच्या धंद्यातून आले, ब्रॅबहॅम विकत घेतली, नेल्सन पिके या चालकासह १९८१ आणि १९८३ ची अजिंक्यपदे मिळवली आणि टीम चालवता चालवता सगळ्या खेळाच्या व्यापारी हक्कांवर हात ठेवला. डब्लिनचे एडी जॉर्डन बँकेत कारकून होते.

यातली फ्रँक विल्यम्स यांची गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. बिल न भरल्यामुळे कार्यालयाचा फोन तोडला गेला, तेव्हा त्यांनी रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनच्या खोक्यात उभे राहून टीमचे व्यवहार चालवले. १९७६ मध्ये त्यांच्या टीमचा मोठा हिस्सा एका कॅनेडियन उद्योजकाकडे गेला आणि आपल्याच टीममध्ये त्यांना स्थान उरले नाही. त्यांनी ती सोडली, १९७७ मध्ये डिडकॉट येथील गालिच्यांच्या जुन्या गोदामात पॅट्रिक हेड या अभियंत्याबरोबर पुन्हा सुरुवात केली आणि १९७९ मध्ये सिल्व्हरस्टोनला पहिली शर्यत जिंकली. १९८६ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये झालेल्या मोटार अपघातात त्यांचे शरीर मानेखाली निकामी झाले. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही संघांचे विजेतेपद विल्यम्सनेच मिळवले. नेमलेल्या व्यवस्थापकाच्या बाबतीत असे घडले असते, असे मला वाटत नाही. तो मालक होता, म्हणून त्याची जागा त्याचीच राहिली. एकूण नऊ संघविजेतेपदे मिळवलेली ही टीम अखेर २०२० मध्ये कुटुंबाने एका गुंतवणूक संस्थेला विकली, कारण मोटार कंपन्यांच्या खर्चाशी एका घराची तिजोरी किती दिवस झुंजणार?

आता नोकरीवर नेमलेल्या माणसांकडे पाहा. फेरारीत स्टेफानो डोमेनिकाली २०१४ च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या जागी मोटारींच्या विक्रीतून आलेले मार्को मातियाची बसले, ते त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गेले. मग सिगारेट कंपनीच्या मार्केटिंगमधून आलेले मौरिझियो अरिवाबेने २०१८ अखेरपर्यंत, मग मातिया बिनोट्टो २०२२ अखेरपर्यंत, आणि २०२३ पासून फ्रेडरिक वासर. दहा वर्षांच्या आत पाच माणसे या एका खुर्चीवर बसली. ख्रिश्चन हॉर्नर यांनी २००५ मध्ये एकतिसाव्या वर्षी रेड बुलची सूत्रे घेतली, सहा संघविजेतेपदे आणि आठ चालकविजेतेपदे मिळवली, २०२३ मध्ये बावीसपैकी एकवीस शर्यती जिंकल्या, आणि तरीही २०२५ च्या जुलैत मालक कंपनीने त्यांना पदावरून दूर केले. याउलट टोटो वोल्फ हे मुळात गुंतवणूकदार. आधी विल्यम्समध्ये त्यांनी हिस्सा घेतला, २०१३ मध्ये मर्सिडीजमध्ये भागीदार म्हणूनच आले आणि पुढे एक तृतीयांश टीम त्यांच्या नावावर झाली. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ संघविजेतेपदे मिळवल्यावर पुढची वर्षे पडतीची आली, तरी त्यांच्या खुर्चीला धक्का लागला नाही.

पण मालकी असली म्हणजे सगळे निभावते, असेही नाही. विजय मल्ल्या यांनी २००७ मध्ये घेतलेली फोर्स इंडिया ही टीम २०१६ आणि २०१७ मध्ये चौथी आली, इतक्या कमी पैशात त्या टीमच्या अभियंत्यांनी केलेले काम खरोखर थोर होते. तरीही २०१८ च्या जुलैत ती दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. टीम नव्या मालकांनी घेतली, म्हणून चारशेहून अधिक लोकांच्या नोकऱ्या वाचल्या. त्या चारशे घरांचा विचार मनात आला की टीम प्रिन्सिपलचे पहिले काम पगाराची तारीख सांभाळणे हेच असावे, असे मला वाटते. भाऊ, प्रायोजकांचे उंबरठे झिजवणे हे तुम्ही दुय्यम काम समजू नका.


उत्तर
तापीचा वाचक, अमळनेर

वहीखाते दादांचे बरेचसे म्हणणे पटते, पण एक मोठे नाव त्यांच्या मांडणीत बसत नाही, ते म्हणजे जाँ टॉड. ते मालक नव्हते, तरी फेरारीत त्यांना दीर्घ मुदत मिळाली.

टॉड रॅलीमध्ये सहचालक होते. शेजारच्या सीटवर बसून पुढचे वळण कसे आहे ते वहीतून वाचून सांगणे हे त्यांचे काम होते. स्टिअरिंगला हात न लावता गाडी जिंकवण्याचा धंदा त्यांनी पंधरा वर्षे केला. १९८१ मध्ये ते थांबले आणि प्यूजोच्या रेसिंग विभागाचे प्रमुख झाले. जागतिक रॅलीत १९८५ आणि १९८६ ची विजेतेपदे, त्यानंतर सलग चार वर्षे पॅरिस-डकार ही वाळवंटातली शर्यत, मग ल माँची चोवीस तासांची शर्यत, असे त्यांनी एकामागून एक मिळवले. १९८९ च्या डकारमध्ये त्यांच्याच दोन गाड्या पुढे होत्या, आरी व्हातानेन आणि जॅकी इक्स. दोघे वाळवंटात एकमेकांशी झुंजत राहिले तर दोन्ही गाड्या मोडतील, हे ओळखून टॉड यांनी दोघांसमोर नाणे उडवले. कौल व्हातानेनच्या बाजूने पडला, इक्स यांनी तो पाळला आणि व्हातानेन जिंकले. दोघेही तोलामोलाचे, कोणालाही मागे राहा म्हटले तर दुसऱ्यावर पक्षपाताचा डाग लागणार. अशा वेळी निवड आपल्या हातातून काढून सर्वांच्या डोळ्यांदेखत ठेवणे, हे मला मोठे शहाणपण वाटते.

१९९३ च्या जुलैत ते फेरारीत आले, तेव्हा त्या टीमच्या चालकाला विश्वविजेतेपद मिळून चौदा वर्षे झाली होती. त्यांनी आधी मायकेल शूमाकर हा चालक आणला, मग रॉस ब्रॉन आणि रोरी बर्न या अभियंत्यांना आणले. १९९७, १९९८, १९९९ अशी तीन वर्षे चालकांचे विजेतेपद मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत निसटले. २००० मध्ये ते हाती आले आणि २००४ पर्यंत सलग पाच वर्षे शूमाकरकडेच राहिले. लिंबाची बाग लावणाऱ्याला पहिली काही वर्षे नुसते पाणीच घालावे लागते, आणि ते घालू देणारा वडीलधारा घरात असावा लागतो. टॉडना माँतेझेमोलोंसारखा अध्यक्ष मिळाला होता. म्हणून मी म्हणेन, पैसा कोणाचा आहे याइतकेच तो धीराचा आहे का, हेही पाहावे. नाणे उडवणाऱ्या याच माणसाने २००२ मध्ये ऑस्ट्रियात बारिकेलो या फेरारीच्याच दुसऱ्या चालकाला शेवटच्या काही मीटरमध्ये शूमाकरला पुढे जाऊ द्यायला लावले आणि प्रेक्षकांनी पोडियमकडे पाहून हुर्यो केली, हेही सांगायला हवे. तो निर्णय मला आजही मान्य नाही.


उत्तर
गिरणाकाठची, चाळीसगाव, मुक्काम चाकण

धुळ्याच्या भावा, तुझा मूळ प्रश्न इंजिनिअरने इंजिनिअरिंग सोडावे लागते का, हा आहे आणि त्याचे थेट उत्तर अजून आलेले नाही, म्हणून लिहिते.

गेल्या काही वर्षांत ही पदे पुन्हा इंजिनिअरांकडे वळली आहेत. अँड्रिया स्टेला २००० मध्ये फेरारीत लागले. शूमाकरच्या गाडीचा डेटा पाहणारे इंजिनिअर, मग रायकोनेन आणि अलोन्सो या चालकांचे रेस इंजिनिअर, २०१५ पासून मॅक्लारेन, आणि २०२२ च्या डिसेंबरात तेथील टीम प्रिन्सिपल. २०२३ च्या मोसमाची सुरुवात मॅक्लारेनसाठी वाईट झाली. त्यांनी तांत्रिक विभागाची मांडणी बदलली, एका प्रमुखाऐवजी तीन जणांत काम वाटून दिले आणि जुलैत सिल्व्हरस्टोनला टीमच्या गाड्या दुसऱ्या आणि चौथ्या आल्या. २०२४ मध्ये मॅक्लारेनने संघांचे विजेतेपद मिळवले, ते १९९८ नंतर पहिल्यांदाच. हासमध्ये अयाओ कोमात्सु हे ट्रॅकवरच्या इंजिनिअरांचे प्रमुख होते. २०२४ च्या जानेवारीत त्यांना वर बसवले आणि आदल्या वर्षी दहावी, म्हणजे शेवटची आलेली टीम सातवी आली. जेम्स व्हाउल्स मर्सिडीजमध्ये शर्यतीचे डावपेच आखत असत. २०२३ मध्ये विल्यम्समध्ये गेल्यावर त्यांना दिसले की गाडीच्या सुमारे वीस हजार भागांची यादी एक्सेलच्या तक्त्यात सांभाळली जात होती. कोणता भाग तयार आहे, कोणता कुठे अडला आहे, त्याला किती खर्च आला, हे त्या तक्त्यातून समजत नसे. हा दोष त्यांना बोचला, कारण भाग वेळेवर न येणे म्हणजे काय, हे त्यांनी इंजिनिअर म्हणून भोगलेले असणार.

याला कारणही आहे. २०२१ पासून टीमच्या खर्चाला मर्यादा आली, पहिल्या वर्षी १४ कोटी ५० लाख डॉलर. आधी श्रीमंत टीम चूक झाली की पैसा ओतून दुसरा भाग करून घेत असे. आता पुढच्या पंखावर खर्च करायचा की गाडीखालच्या फ्लोअरवर, हा निर्णय पैशाचा आणि तंत्राचा एकाच वेळी असतो, आणि दोन्ही कळणारा माणूस वर लागतो. रेड बुलने २०२१ ची मर्यादा ओलांडली, तेव्हा सत्तर लाख डॉलरच्या दंडापेक्षा विंड टनेलच्या, म्हणजे गाडीवरचा वारा तपासण्याच्या बोगद्याच्या, वेळेत झालेली दहा टक्के कपात जास्त जाचक ठरली, असे माझे मत आहे.

तरी इंजिनिअर असणे पुरेसे नाही. मातिया बिनोट्टो १९९५ पासून फेरारीत, इंजिन विभागातून वाढलेले, तंत्राची जाण निर्विवाद. २०२२ ची त्यांची गाडी सुरुवातीला सर्वांत वेगवान होती. पण मोनॅको, सिल्व्हरस्टोन, हंगेरी अशा शर्यतींत पिट स्टॉपचे निर्णय चुकत गेले, आणि चूक झाली हे मोकळेपणाने बोलण्याऐवजी त्यांनी टीमची पाठराखण केली. स्वतःच्या माणसांना उघड्यावर न पाडणे हे मला आवडले, पण बदल वेळेवर झाला नाही. रॉस ब्रॉन मात्र अशा ठिकाणी बसले, जिथे इंजिनिअरचे धैर्य कामी आले. २००७ अखेर ते होंडाचे प्रमुख झाले, २००८ चा मोसम वाया जाऊ दिला आणि सारी शक्ती २००९ च्या नव्या नियमांच्या गाडीवर लावली. डिसेंबरात होंडाने खेळच सोडला. ब्रॉन आणि सहकाऱ्यांनी टीम एका पौंडाला घेतली, मर्सिडीजचे इंजिन बसवले, चालक जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि दोन्ही विजेतेपदे मिळाली. पुढे हीच टीम मर्सिडीजची झाली, आणि मर्सिडीजच्या सलग आठ विजेतेपदांचा पायाही बराचसा ब्रॉन यांच्याच काळात घातला गेला. पेरणी त्यांची, सोंगणी वोल्फ यांची, असे म्हटले तर वोल्फ यांच्यावर अन्याय होणार नाही, कारण आठ वर्षे ते शेत त्यांनीच राखले.

एक मुलगी म्हणून आणखी एक नाव सांगते. मोनिषा काल्टेनबोर्न यांचा जन्म डेहराडूनचा. लहानपणी त्या कुटुंबाबरोबर व्हिएन्नाला गेल्या, कायदा शिकल्या, २००० मध्ये साउबरच्या कायदा विभागात लागल्या आणि २०१२ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या पहिल्या महिला टीम प्रिन्सिपल झाल्या. पैशाच्या ओढाताणीत त्यांच्या टीमने जागांपेक्षा जास्त चालकांशी करार केले आणि २०१५ मध्ये मेलबर्नच्या न्यायालयात प्रकरण गेले, हा त्यांच्या कारकिर्दीवरचा डाग आहे. तरीही बुडू पाहणारी टीम त्यांनी २०१७ पर्यंत चालती ठेवली. विल्यम्समध्ये क्लेअर विल्यम्स यांनी २०१३ ते २०२० प्रत्यक्ष कारभार पाहिला, पद मात्र उपप्रमुखाचे होते.

आता माझे सांगते. मी चाकणच्या एका कारखान्यात डिझाइनमधून प्रकल्प व्यवस्थापनात गेले, तेव्हा मलाही रडू आले होते. तिसऱ्या महिन्यात एका पुरवठादाराकडून आलेल्या ब्रॅकेटचा ढीग समोर होता आणि बैठकीत सगळे उशीर कोणामुळे झाला यावर भांडत होते. मी एक ब्रॅकेट उचलला आणि भोकाच्या कडेला वाकणाची रेषा फार जवळ दिसली. आधीच्या ड्रॉइंगमध्ये ती तशी होती, आम्ही ती बदलून तीन मिलिमीटर मागे घेतली होती. पुरवठादाराकडे जुनीच प्रत गेली होती. ते भांडण तिथेच संपले. मी काही डिझाइन केले नाही, पण डिझाइन केलेले असल्यामुळेच मला ते दिसले. तू परीक्षकांच्या टेबलाशी उभा असताना निपल खाली आहे, हे तुला दिसलेच होते ना? तुझ्या मुलांनी कॅलिपर उतरवायचा निर्णय कोणाच्या सांगण्यावरून घेतला?


पांझराकाठचा, धुळे

नाना, दादा, वाचक काका आणि ताई, सर्वांचे आभार. तुमची उत्तरे मी वडिलांना वाचून दाखवली. फ्रँक विल्यम्स यांच्या फोनच्या खोक्याची गोष्ट त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली. त्यांचे स्वतःचे पंपदुरुस्तीचे दुकान आहे आणि उधारीवर चालणारा धंदा म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको.

ताई, कॅलिपर उतरवायला मीच ओरडून सांगितले होते, हे मी प्रश्नात लिहिले, पण ते काम म्हणून मोजले नव्हते. या वर्षी कॅलिपर निपल वर येईल असाच बसेल, आणि ती तपासणी गाडी टेम्पोत चढण्याआधीच्या यादीत पहिली लिहिली आहे. वाचक काका, नाण्याची गोष्ट मला लगेच उपयोगी पडणार आहे. बावीस किलोमीटरच्या एन्ड्युरन्स या लांब धावेत अर्ध्यावर चालक बदलावा लागतो, दुसऱ्या टप्प्यासाठी माझ्याकडे दोन मुले आहेत आणि सरावात दोघांच्या वेळांत फरक नाही. एक माझा खोलीतला सोबती आहे. मी आजवर हा निर्णय टाळत होतो. आता दोघांना आणि सगळ्या टीमला बोलावून सर्वांसमोर नाणे उडवेन.

नाना, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी पूर्ण होईल. तुम्ही भुसावळहून धुळ्याला येऊन एकदा पाहाल का? आमच्या वर्कशॉपची फरशी अजून दाखवण्यासारखी नाही.


भुसावळचे नाना

येतो. सकाळच्या एसटीने निघालो की दुपारपर्यंत पोहोचेन. मी येणार म्हणून फरशी धुऊ नकोस, आजच धू आणि मी येईपर्यंत रोज गाडी तिच्यावरच उभी कर. कुठे काय गळते ते मला आल्यावर विचारावे लागणार नाही.